नव्या घरांत मुलं किती? शाळेच्या पटाचा अंदाज आणि जमिनीचा वापर

झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकांकडून शाळांच्या पटसंख्येबद्दल बरीच पत्रं आली. काही अमेरिकेतून, काही पुण्याजवळून. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. उत्तरं नगररचना आणि लोकसंख्येच्या अभ्यासात काम करणाऱ्यांनी दिली आहेत.

प्रश्न : आमच्या शहरात अजून घरं बांधणं थांबलेलं नाही. तरीही स्कूल डिस्ट्रिक्टने (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) स्टेली मिडल स्कूल २०२४-२५ च्या अखेरीस बंद केलं. घरं वाढतात आणि पट घटतो, हे गणित कसं बसतं? (फ्रिस्को, टेक्सास)

आधी हद्द तपासा. अमेरिकेत शहराची हद्द आणि स्कूल डिस्ट्रिक्टची हद्द एक असेलच असं नाही. फ्रिस्को शहराचा मोठा भाग फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये आहे, पण काही भाग प्रॉस्पर, लिटल एल्म आणि लुइसव्हिल या डिस्ट्रिक्टमध्ये मोडतो. शहराच्या उत्तरेकडे उभ्या राहणाऱ्या घरांतली बरीच मुलं प्रॉस्परच्या पटावर जातात. शहराने दिलेले बांधकाम परवाने मोजून डिस्ट्रिक्टचा पट काढायला गेलात, तर पहिल्याच पायरीवर चुकाल.

दुसरी गोष्ट वस्तीच्या वयाची. नवीन वसाहतीत येतात ती बहुतेक तरुण जोडपी, कडेवर एक मूल किंवा तेही अजून व्हायचं. सुरुवातीला दर घरामागे शाळेत जाणारी मुलं कमी असतात. मग आकडा चढत जातो, साधारण आठ-बारा वर्षांनी शिगेला पोचतो. पुढे मुलं कॉलेजला जातात आणि आईवडील त्याच चार बेडरूमच्या घरात राहतात. ते घर विकून दुसरं तरुण कुटुंब आलं तर चक्र पुन्हा सुरू होतं. पण २०२०-२१ मध्ये ज्यांना ३ टक्क्यांच्या आसपास गृहकर्ज मिळालं, त्यांना आज दुप्पट व्याजाने नवं घर घेणं परवडत नाही. म्हणून ते हलत नाहीत. घरांच्या किमती चढल्यामुळे लहान मुलांची कुटुंबं आणखी बाहेरच्या गावांकडे सरकतात. त्यात जन्मच कमी झाले आहेत: अमेरिकेत २००७ मध्ये सुमारे ४३ लाख बाळं जन्मली, २०२३ मध्ये सुमारे ३६ लाख. शेजारच्या प्लेनोनेही २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचा निर्णय घेतला. ती तर फ्रिस्कोच्या आधी भरलेली वस्ती आहे.

मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने हे ओळखून २०२० च्या धोरणात शाळांच्या दृष्टीने सगळ्या काउंटीचे तीन प्रकार पाडले: मोकळ्या जमिनीवर नवी घरं होणारे भाग, भरवस्तीत उंच इमारती वाढणारे भाग, आणि जिथे बांधकाम जवळजवळ नाही पण जुनी घरं हात बदलल्यामुळे पट बदलतो असे भाग. तिसऱ्या प्रकारात एकही परवाना न देता शाळा भरू शकते किंवा ओस पडू शकते.

तुमच्या शाळा मंडळाकडे एकच तक्ता मागा: घर किती वर्षांपूर्वी बांधलं (०–५, ६–१०, ११–१५, १६–२०, त्याहून जुनं) आणि प्रत्येक गटात दर १०० घरांमागे पटावर किती मुलं. तो समोर आला की कोणती शाळा पुढे रिकामी होणार ते डोळ्यांना दिसतं.

प्रश्न : आमच्या टाउनशिपमध्ये (इथे टाउनशिप म्हणजे नगरपालिका, गृहसंकुल नव्हे) २४० फ्लॅटच्या प्रकल्पाची सुनावणी आहे. लोक म्हणतात ४०० मुलं येतील, बिल्डरचा सल्लागार म्हणतो २५. खरं कसं काढायचं? (मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी)

दोघांकडेही एकच प्रश्न मागे राहिला आहे: कोणते फ्लॅट? मुलं इमारतीच्या संख्येवर नाही, बेडरूमच्या संख्येवर ठरतात. बेडरूमनुसार विभागणी मंजुरीच्या नकाशात असते, ती आधी मिळवा. समजा ४० स्टुडिओ, ११० एक बेडरूमचे, ७० दोन बेडरूमचे आणि २० तीन बेडरूमचे आहेत. आता प्रत्येक प्रकाराला ‘दर घरामागे मुलं’ हा दर लावायचा. उदाहरणादाखल स्टुडिओला ०, एक बेडरूमला ०.०५, दोनला ०.३० आणि तीनला ०.८० धरले, तर ५.५ + २१ + १६, म्हणजे सुमारे ४३ मुलं होतात. हेच दर ०.१५, ०.६० आणि १.१० धरले, तर १६.५ + ४२ + २२, म्हणजे सुमारे ८० होतात. इमारत तीच असताना उत्तर दुप्पट झालं. म्हणून वाद घालायचा तो दरावर घाला.

दर कुठून आणायचा? न्यू जर्सीत अनेक सल्लागार रटगर्स विद्यापीठाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले राज्यव्यापी दर वापरत आले आहेत. ते काळजीपूर्वक काढलेले होते, पण त्यामागची माहिती २००० च्या जनगणनेची आहे आणि सरासरी सबंध राज्याची. एडिसन किंवा साउथ ब्रन्सविकसारख्या ठिकाणी, जिथे अनेक भारतीय कुटुंबं शाळा चांगली म्हणूनच दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेतात, तिथे राज्याची सरासरी कमी पडण्याचीच शक्यता जास्त. त्यासाठी दर स्थानिक हवा, आणि तो काढणं अवघड नाही.

ऑक्टोबरच्या अधिकृत मोजणीतल्या सगळ्या विद्यार्थ्यांचे पत्ते घ्यायचे, नकाशावर बसवायचे आणि मालमत्ता कराच्या नोंदींशी जुळवायचे. गेल्या दहा वर्षांत टाउनशिपमध्ये झालेली, प्रस्तावित प्रकल्पासारखीच पाच-सहा संकुलं निवडायची. मुलांच्या संख्येला एकूण फ्लॅटने भागायचं, भरलेल्या फ्लॅटने नाही. पुढच्या प्रकल्पातही काही फ्लॅट रिकामे राहणारच असतात. हे काम डिस्ट्रिक्टने किंवा त्यांच्या सल्लागाराने करायचं. विद्यार्थ्यांचे पत्ते १९७४ च्या संघीय गोपनीयता कायद्याखाली येतात, नागरिकांना ते मिळणार नाहीत. संकुलवार बेरीज मात्र मागता येते.

यात नेमकं काय बिघडतं ते सांगतो. सात इमारतींच्या संकुलातली सगळी मुलं नकाशावर भाडे-कार्यालयाच्या एका ठिपक्यावर गोळा होतात. कधी ठिपका रस्त्याच्या मध्यावर पडतो आणि मूल समोरच्या संकुलाच्या खात्यात जातं. दर शंभर पत्त्यांतले पाच-दहा जुळलेच नाहीत आणि कोणी हाताने तपासले नाहीत, तर दर तेवढाच खाली येतो. न जुळणारे पत्ते बहुधा फ्लॅटचेच असतात, स्वतंत्र बंगल्याचे नव्हे, त्यामुळे चूक नेमकी तुमच्या प्रश्नावरच बसते.

आणखी एक, परवडणाऱ्या घरांचं. न्यू जर्सीच्या नियमानुसार प्रकल्पातल्या परवडणाऱ्या घरांपैकी स्टुडिओ आणि एक बेडरूम मिळून २० टक्क्यांहून जास्त चालत नाहीत, आणि किमान २० टक्के तीन बेडरूमची लागतात. ही घरं मुद्दाम कुटुंबांसाठीच आहेत. त्यांचा दर वेगळा काढा. बाजारभावाच्या फ्लॅटचा दर सगळ्या २४० ला लावला की तिथेच अंदाज कमी पडतो.

आणि ४३ किंवा ८० मुलं एकाच वर्गात येत नाहीत. किंडरगार्टन ते बारावी अशा १३ वर्गांत ती पसरतात, म्हणजे दर वर्गाला तीन ते सहा. इमारत भरायलाही वर्ष-दीड वर्ष लागतं. त्यांतली काही मुलं आधीपासून तुमच्याच शाळेत असतात, फक्त जुनं भाड्याचं घर सोडून इथे आलेली. सुनावणीत हा हिस्सा विचारा. तो मागच्या वर्षीच्या पत्त्यांशी ताडून काढता येतो.

प्रश्न : मी डिस्ट्रिक्टच्या सुविधा समितीवर पालक सदस्य आहे. एका अहवालात इयत्तावार पुढे सरकणाऱ्या मुलांच्या गुणोत्तरावरून अंदाज आहे, दुसऱ्यात जमीन-वापराच्या अभ्यासावरून. दोन्ही मिळवावेत का? (बीव्हर्टन, ओरेगन)

मिळवावेत, पण बेरीज करून नाही. सगळ्यांत महागडी चूक इथेच होते.

पहिली पद्धत सरळ आहे. गेल्या वर्षी तिसरीत २०० मुलं होती, यंदा चौथीत २१२ आहेत, तर गुणोत्तर १.०६. असं प्रत्येक इयत्तेचं गेल्या तीन-पाच वर्षांचं गुणोत्तर काढून पट पुढे सरकवायचा. किंडरगार्टनसाठी पाच वर्षांपूर्वीचे जन्म घ्यायचे. अमेरिकेत जन्माची आकडेवारी आई राहते त्या ठिकाणावरून मिळते, म्हणून हे जमतं. पण ते जास्तीचे १२ विद्यार्थी आले कुठून? त्यांतली काही मुलं त्याच वर्षी ताबा मिळालेल्या नव्या घरांतली आहेत. म्हणजे १.०६ मध्ये नवं बांधकाम आधीच शिरलेलं आहे. त्यावर पुन्हा ‘नव्या घरांतून इतकी मुलं’ असा आकडा चढवला की तीच मुलं दोनदा मोजली जातात. अशा आकड्यांवर बाँडसाठी, म्हणजे शाळा बांधायला कर्ज उभारावं का यासाठी, मतदान होतं, शाळा उभी राहते आणि चार वर्गांना कुलूप लागतं.

दुरुस्ती अशी: चौथीच्या २१२ मुलांपैकी या वर्षात भरलेल्या नव्या घरांत ९ राहतात असं पत्त्यांवरून कळलं, तर ती बाजूला काढा. २०३ ला २०० ने भागून १.०१५ येतं. हे जुन्या घरांचं गुणोत्तर झालं. याने मूळ पट पुढे न्या आणि नवी घरं वेगळ्या खात्यात मांडा. पुढच्या वर्षी ती घरंही ‘जुनी’ होतात आणि मूळ पटात जातात. २०२० आणि २०२१ ची गुणोत्तरं सरासरीत घेऊ नका. कोविडमध्ये किंडरगार्टनला मुलं आलीच नाहीत, काही पुढच्या वर्षी थेट पहिलीला आली.

आता जमीन-वापराचं खातं. ओरेगनमध्ये ते मांडणं इतर राज्यांपेक्षा सोपं आहे. १९७३ च्या कायद्यापासून शहरांच्या वाढीला हद्द आखलेली आहे, त्यामुळे घरं होऊ शकतील ती जमीन ठाऊक असते. शिवाय २५०० हून जास्त पट असलेल्या डिस्ट्रिक्टने शहर आणि काउंटीबरोबर बसून किमान दहा वर्षांचा शाळा-सुविधा आराखडा करायचा, असं राज्याचा कायदा सांगतो. तुमच्याकडे साउथ कूपर माउंटनच्या भागात माउंटनसाइड हायस्कूल २०१७ मध्ये सुरू झालं, तेव्हा आजूबाजूची बरीचशी घरं अजून व्हायची होती.

अभ्यासात प्रत्येक प्रकल्प त्याच्या टप्प्यावर लिहून घ्या. पाया भरलेली घरं पुढच्या शाळा-वर्षात धरायची. भूखंड मंजूर झालेत पण रस्ता नाही, ती दोन-चार वर्षांत. फक्त अर्ज आलेला असेल तर पूर्ण संख्या धरू नका. आणि नुसत्या आराखड्यावर रंगवलेली जमीन दहा वर्षांच्या अंदाजात येते, पाच वर्षांच्या नाही. तारीख बिल्डरच्या जाहिरातीवरून घेऊ नका. सांडपाण्याची मुख्य वाहिनी कधी पोचणार, ते शहराच्या भांडवली कामांच्या यादीत पाहा. वाहिनी आली नाही तर घरं होत नाहीत, बाकी सगळं मंजूर असलं तरी.

जमिनीचं क्षेत्रफळही जसंच्या तसं घेऊ नका. ४० एकरांवर एकरी ६ म्हणजे २४० घरं हे कागदावर. रस्ते, पावसाच्या पाण्याची तळी, ओढ्याकाठची राखीव पट्टी, उतार यांत ३० टक्के जमीन गेली तर उरतात २८ एकर, म्हणजे १६८ घरं. ओरेगनने २०१९ मध्ये मोठ्या शहरांतल्या स्वतंत्र घरांच्या भूखंडांवर दोन ते चार घरांना परवानगी देणारा कायदा केला. कागदावरची क्षमता त्याने खूप वाढते, पण चांगलं राहतं घर पाडून तिथे चार घरं कोणी लगेच बांधत नाही. क्षमता म्हणजे घर नव्हे.

एक बारीक गोष्ट. ५५ वर्षांवरच्यांसाठी राखीव वसाहत यादीत असेल तर तिथली मुलं शून्य धरली जातात, ते बरोबरच आहे. पण तिथे राहायला जाणारी माणसं तुमच्याच डिस्ट्रिक्टमधली असतील, तर त्यांची मागे सुटलेली चार बेडरूमची घरं तरुण कुटुंबांना मिळतात. शून्याच्या वसाहतीतून पट वाढतो, फक्त दुसऱ्या शाळेचा.

प्रश्न : असा अंदाज किती वर्षांपर्यंत भरवशाचा? (वाचक, सिएटल)

सबंध डिस्ट्रिक्टचा पुढच्या वर्षीचा आकडा सहसा जवळ येतो. पाच वर्षांचा दिशा दाखवतो. एकेका प्राथमिक शाळेचा पाच वर्षांचा आकडा सर्वांत कच्चा, कारण ३५० मुलांच्या शाळेला एक इमारत सहा महिने रखडली तरी धक्का बसतो. म्हणून कमी, मधला आणि जास्त असे तीन आकडे मागा, आणि प्रत्येकामागे कोणता प्रकल्प कोणत्या वर्षी धरला ते लिहून घ्या. दर ऑक्टोबरला खरा पट आला की चूक कुठे झाली ते शोधता येतं: जन्मात, घरांच्या तारखेत की दरात. नुसता एक आकडा दिला असेल तर काहीच शिकता येत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायट्यांच्या महासंघाला दाखवून द्यायचं आहे की इथे शाळा कमी पडणार. अमेरिकेतली ही पद्धत आपल्याकडे चालेल का? (वाघोली, पुणे)

गाभा चालेल, काही पायऱ्या बदलाव्या लागतील. आपल्याकडे पत्त्यावरून शाळा ठरत नाही. वाघोलीतलं मूल खराडीला किंवा विमाननगरला बसने जातं. त्यामुळे एका शाळेचा पट सांगायला जाऊ नका, परिसरातली शाळेच्या वयाची मुलं सांगा.

जन्मनोंदीवर विसंबू नका. आपल्याकडे जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो. शिरूर-खेडहून पुण्यातल्या रुग्णालयात आलेल्या बाईचं बाळ पुण्याच्या नोंदीत येतं, आणि वाघोलीची लेक बाळंतपणाला माहेरी लातूरला गेली तर तिचं बाळ लातूरला. त्यापेक्षा पल्स पोलिओच्या मोहिमेत आरोग्य केंद्राने भागवार केलेली पाच वर्षांखालच्या मुलांची मोजणी जास्त कामाची. अंगणवाडीचं सर्वेक्षणही मिळवा, मात्र मोठ्या गेटबंद सोसायट्या त्यातून बऱ्याचदा निसटतात. जनगणनेचा हाताशी असलेला आकडा २०११ चा. तेव्हाची वाघोली आणि आजची यांत काही साम्य राहिलेलं नाही, आणि नवी मोजणी २०२७ ची.

घरांची माहिती मात्र आपल्याकडे चांगली मिळते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाचे फ्लॅट किती, कोणत्या आकाराचे, किती विकले गेले आणि काम कधी पुरं करायचं, हे असतं. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून लहान जमिनीवरचे, तसंच आठपर्यंत फ्लॅटचे प्रकल्प तिथे नसतात, ते वेगळे मोजा. पुरं करायची तारीख पुढे ढकलली जाते, म्हणून भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या जुन्या प्रकल्पांना खरोखर किती उशीर झाला ते पाहून तेवढी वर्षं वाढवा.

दर तुम्हाला स्वतः काढावा लागेल. सहा-सात वर्षं जुन्या तीन-चार सोसायट्या घ्या, त्यांत १ बीएचके, २ बीएचके आणि ३ बीएचके असू द्या. विचारायचं एवढंच: फ्लॅटचा आकार, मालक की भाडेकरू, मुलांचं जन्मवर्ष, शाळा कोणत्या माध्यमाची आणि किती लांब. नावं मागू नका, माणसं बुजतात. गुगल फॉर्म टाकून गप्प बसलात तर मुलं असलेलेच भरतील आणि दर फुगेल. भागाकार नेहमी सोसायटीच्या देखभाल यादीतल्या सगळ्या फ्लॅटने करा. गुंतवणुकीसाठी घेऊन कुलूप लावलेले आणि चार आयटीवाले मिळून राहतात ते फ्लॅटही त्यात आलेच पाहिजेत. ज्यांनी भरलं नाही त्यांपैकी वीस-तीस दारं प्रत्यक्ष वाजवा.

मुलांची जन्मवर्षं उतरत्या क्रमाने मांडलीत की लाट दिसते. ताबा मिळाल्यावर आधी बालवाडीच्या जागा कमी पडतात, पहिलीच्या तीन-चार वर्षांनी, आणि माध्यमिकच्या त्याही नंतर. महापालिकेला कोणत्या वर्षी काय लागेल ते असं सांगा.

मग शाळांची बाजू. यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीवर शाळांचा इयत्तावार पट आणि वर्गखोल्या मिळतात. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, आणि महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी. केंद्राची २०१४ ची नगररचना मार्गदर्शक तत्त्वं ५००० लोकसंख्येला एक प्राथमिक आणि ७५०० ला एक उच्च माध्यमिक शाळा धरतात. हे तिन्ही मापदंड तुमच्या आकड्यांशेजारी ठेवा. खासगी शाळेतल्या जागा ‘उपलब्ध’ म्हणून मोजताना फीचा रकाना जोडा. वर्षाला दीड लाख देऊ न शकणाऱ्या घराला ती जागा नसल्यासारखीच आहे.

शेवटी जमीन. विकास आराखड्यात शाळा आणि क्रीडांगणाची आरक्षणं कुठल्या गट नंबरवर आहेत ते नकाशावर टाका. प्रत्येकाचा ताबा पालिकेकडे आहे का, तिथे आज काय उभं आहे, फोटोसकट नोंदवा. नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. नव्याने प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तर हरकती-सूचनांना ३० दिवसच मिळतात. सर्वेक्षण तेव्हा सुरू करून चालणार नाही, तक्ता आणि नकाशा त्याआधी तयार हवा.